वळिवड्याचे पोलिश पाहुणे आणि इंग्रजांचा शब्द

वकिलीचा धंदा माणसाला फारसे देशाटन घडवीत नाही. घडविलेच तर एका कचेरीच्या ओसरीवरून दुसऱ्या कचेरीच्या ओसरीपर्यंत. तथापि काही वर्षांपूर्वी कापडाच्या उधारीचा एक तंटा आम्हांला सुरतेहून थेट करवीरनगरीपर्यंत घेऊन गेला. आमचे अशील डिंडोलीचे रहिवासी, मूळचे धुळ्याकडचे. त्यांनी पाठविलेल्या साड्यांच्या गठ्ठ्यांचे पैसे कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडपेठेत अडकले होते. तंटा कोर्टाची पायरी न चढताच मिटला, आणि मग चहा घेता घेता समोरचे वयोवृद्ध सिंधी व्यापारी सहज बोलून गेले, "वकीलसाहेब, आमचे वडील निर्वासित म्हणून इथे आले, तेव्हा या जागेवर बराकी आयत्या उभ्या होत्या. आमच्या आधी इथे गोरे निर्वासित राहून गेले होते."

'गोरे निर्वासित' हे दोन शब्द आमच्या कानांना चमत्कारिक वाटले. मराठी माणसाच्या कल्पनेत गोरा म्हणजे इंग्रज, आणि इंग्रज म्हणजे कलेक्टर, कप्तान अथवा मिशनरी. आम्ही ज्या सुरतेत पोटासाठी येऊन राहिलो, तिथे तर इंग्रजांनी १६१३ च्या सुमारास वखार घातली आणि पुढे त्या वखारीचे राज्य झाले. राज्य करणारा गोरा आम्हांला पिढ्यान् पिढ्या ठाऊक. परंतु हाती गाठोडे घेऊन दारी आलेला, इंग्रजांकडे आमच्याइतक्याच आशेने आणि पुढे आमच्याइतक्याच संशयाने पाहणारा गोरा आमच्याच मुलखात पाच वर्षे राहून गेला, हे आमच्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? ते लोक पोलंडचे. त्यांची वसाहत ज्या गावच्या शिवारात होती ते गाव वळिवडे. आजही कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर त्या नावाचे स्थानक आहे. त्या पाच वर्षांची हकीकत येथे सांगावी असे आम्ही योजिले आहे. कारण शब्द देणारा, शब्द घेणारा आणि त्या शब्दाची किंमत मोजणारा या तिघांची अशी विलक्षण गाठ इतिहासात क्वचितच पडते.

प्रारंभ एका करारापासून केला पाहिजे. २५ ऑगस्ट १९३९ रोजी लंडनमध्ये ब्रिटन आणि पोलंड यांच्यात परस्पर साहाय्याचा तह झाला. कोणत्याही युरोपीय सत्तेने आक्रमण केल्यास एकमेकांच्या मदतीस धावावे, असा त्याचा आशय. १ सप्टेंबर रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली. ३ सप्टेंबर रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. त्यासाठी एकाही हिंदी पुढाऱ्याचे मत विचारण्यात आले नाही, आणि पुढे प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले ते याच कारणाने. सुज्ञ वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. पोलंडला दिलेला शब्द पाळण्यासाठी इंग्रजाने जे युद्ध पुकारले, त्यात आमचा सातारा, रत्नागिरी आणि नगरकडचा शेतकरी न विचारता ओढला गेला. पोलंड आणि महाराष्ट्र यांचे नाते जुळले ते असे, तिसऱ्याच्या सहीने.

१७ सप्टेंबर रोजी पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य पोलंडात शिरले आणि त्या देशाचे दोन तुकडे झाले. पूर्वेच्या तुकड्यातून १९४० आणि १९४१ या वर्षांत लक्षावधी माणसे रात्री-अपरात्री घरातून उठवून मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आली. कोणाचा गुन्हा काय? कोणाचा नवरा सैन्यात अधिकारी, कोणाचा बाप वनखात्यात, कोणाची थोडी शेतजमीन. पुढे जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा ३० जुलै १९४१ रोजी पोलंडचे परागंदा पंतप्रधान जनरल सिकोर्स्की आणि सोव्हिएत वकील मायस्की यांच्यात करार होऊन या लोकांची सुटका ठरली. त्या करारात सुटकेसाठी 'माफी' हा शब्द घातलेला आहे. ज्यांच्यावर आरोपपत्र नाही, खटला नाही, त्यांना माफी कशाची? परंतु कायद्याच्या भाषेला लाज नसते, हे आम्ही धंद्याच्या अनुभवाने जाणतो. या सुटकेनंतर जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर एक लाखाहून अधिक माणसे १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. त्यांतील सैनिक आघाडीकडे गेले. मागे राहिल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे. त्यांना ठेवायचे कोठे, हा प्रश्न इंग्रजांपुढे आला.

त्या प्रश्नाला पहिले उत्तर दिले ते ज्या राज्यात आम्ही आज राहतो त्या गुजरातच्या एका संस्थानिकाने. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे समुद्रकाठी पोलिश मुलांसाठी छावणी उभारली. मुलांचा पहिला तांडा अश्गाबादहून मोटारींनी मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा खडतर प्रवास करीत १९४२ साली हिंदुस्थानात आला, आणि बालाचडीची व्यवस्था होईपर्यंत तो मुंबईस वांद्र्याला राहिला. वांद्र्याच्या देवळांची घंटा आमच्या कोंकणी वाचकांच्या ओळखीची आहे. त्याच घंटेने त्या मुलांना परमुलखात पहिला धीर दिला असेल. परंतु बालाचडी ही मुलांची, बव्हंशी पोरक्या मुलांची वसाहत. सबंध कुटुंबांसाठी दुसरी जागा हवी होती. ती कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या खोऱ्यात, शहरापासून कोसा-दोन कोसांवर सापडली.

१९४३ च्या मध्यापासून वळिवड्याची वस्ती भरू लागली आणि पाहता पाहता ती सुमारे पाच हजारांवर गेली. लांबच लांब बराकी, वर कौले, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या. एकेका कुटुंबाला एक-दोन खोल्या, पुढे पडवी आणि लहानसे स्वयंपाकघर. त्या वस्तीत चर्च होते, इस्पितळ होते, प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक विद्यालय होते, नाटके आणि गायनाचे कार्यक्रम होत होते. बालवीर आणि वीरबालांची पथके तर इतकी शिस्तीची की त्यांच्या सहली पन्हाळ्यापर्यंत जात. छातीच्या विकाराने ग्रासलेल्यांना आणि अशक्त मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवीत. छावणीचा कारभार पोलिश लोकांच्याच हाती असे. मुंबईचे पोलिश वकील बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा बानासिन्स्का हे या सर्वांची काळजी वाहत. कीराबाईंनी तर पुढे हिंदुस्थानच आपला देश मानला आणि हैदराबादेत देह ठेवला.

या दैनंदिन जीवनात स्थानिक लोकांना नवल वाटावे अशी गोष्ट एकच होती: ही गोरी माणसे आपली कामे आपल्या हातांनी करीत. गोरी बाई चुलीपुढे बसते, धुणे धुते, पडवीपुढे फुलझाडे लावते, बाजारात भाजीसाठी दोन पैशांची घासाघीस करते, हे दृश्य रेसिडेन्सीच्या बंगल्याकडे दुरून पाहणाऱ्या करवीरकरांना नवीन होते. भाजीवाली, दूधवाला, पाववाला, शिंपी यांच्याशी बोलता बोलता मुलांच्या जिभेवर मराठी शब्द रुळले. साहेबाशी बोलायचे ते अर्जाच्या भाषेत. या लोकांशी बोलता येई ते बाजाराच्या भाषेत. राजा आणि रयत हे नाते येथे नव्हते. गिऱ्हाईक आणि दुकानदार हे होते, आणि पुष्कळदा शेजारी आणि शेजारी हेही. पुढे सारी छावणी उठून गेली तेव्हा एक तरुणी कोल्हापूरच्याच घरात सून म्हणून मागे राहिली आणि कोल्हापूरचीच झाली.

आता मुख्य प्रश्न. या लोकांचा यजमान कोण होता? कागदोपत्री पाहता उत्तर सरळ नाही. जमीन कोल्हापूर संस्थानची. पण गादीचे धनी त्या वेळी दोन-तीन वर्षांचे बालक, म्हणजे कायद्याच्या अर्थाने अज्ञान, आणि अज्ञानाच्या राज्यात रेसिडेंटसाहेबाचा शब्द केवढा वजनदार असतो हे सांगावयास नको. देखरेख हिंदुस्थान सरकारची. दिल्लीत त्यासाठी कॅप्टन वेब हे निर्वासितांचे मुख्य अधिकारी नेमलेले होते. खर्च मात्र लंडनमधील परागंदा पोलिश सरकारच्या नावे, आणि ते सरकार तो इंग्रजांनी दिलेल्या कर्जातून भागवीत असे. म्हणजे इंग्रज हा घराचा मालक नव्हता, पण किल्ली त्याच्या कमरेला होती. तो अन्नदाता नव्हता, पण वहीखाते त्याच्या हाती होते.

त्याच काळात याच इंग्रजांनी पुरंदरावर आणि साताऱ्यास जर्मन नागरिकांना नजरकैदेत ठेवले होते. त्यांतील कित्येक ज्यू तर हिटलरच्याच भीतीने पळून आलेले. तरी पारपत्रावरचा शिक्का जर्मन, म्हणून ते शत्रू ठरले. पुरंदर आणि वळिवडे यांत अंतर ते किती? पण एका ठिकाणचा गोरा शत्रू आणि दुसऱ्या ठिकाणचा गोरा मित्र, आणि हा फरक माणसाच्या वर्तनाने नव्हे, कागदाने ठरलेला. कागदाने ठरलेला मित्र कागदानेच अमित्र होऊ शकतो, हे वळिवडेकरांच्या ध्यानी यावयास अद्याप दोन वर्षे अवकाश होता.

तोवर त्यांचा इंग्रजांवर विश्वास होता, आणि तो असण्यास सबळ कारणे होती. पोलिश वैमानिक १९४० साली लंडनच्या आकाशात इंग्रजांच्या खांद्याला खांदा लावून लढले होते. वळिवड्यातील बायकांचे नवरे, बाप आणि मुलगे अँडर्सच्या सैन्यात, ब्रिटिश आठव्या सैन्याच्या आज्ञेखाली इटलीत लढत होते. १८ मे १९४४ रोजी मोंते कासिनोच्या मठावर पहिले निशाण फडकले ते पोलिश पलटणीचे. त्याच आठव्या सैन्यात, त्याच इटलीत आमचे मराठेही लढत होते. रायगडकडच्या यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधील पराक्रमासाठी मरणोत्तर, आणि संगमनेरजवळच्या निमजच्या नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वळिवड्याची पोलिश आई आणि कोकणातील मराठी आई एकाच आघाडीवरून येणाऱ्या टपालाची वाट पाहत होत्या. दोघींनाही ठाऊक नव्हते की आपले मुलगे ज्या शब्दासाठी लढत आहेत, तो शब्द देणारा त्याचा अर्थ काय लावणार आहे.

परंतु छावणीच्या कुंपणाबाहेर त्याच वर्षांत काय चालले होते? पलीकडे सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजांचे राज्य उखडून टाकावयास निघाले होते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीला पगाराची आगगाडी लुटली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी आमच्या खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, त्यातही साताऱ्याच्या वीरांचा हात होता. खुद्द कोल्हापूर शहरात मुंबईचे माजी गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा ऑक्टोबर १९४२ मध्ये दोघी शूर स्त्रियांनी विद्रूप केला, आणि पुढे त्याच चौकात शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. वळिवड्याच्या चर्चमध्ये इंग्रजांच्या विजयासाठी प्रार्थना होत असेल, तेव्हा चार-सहा कोसांवर एखाद्या मळ्यात इंग्रजांचे तारायंत्र तोडण्याची मसलत चाललेली असे.

या दोघांपैकी खरे कोण? वकिलाला असा प्रश्न आवडतो, कारण उत्तर द्यावे लागत नाही. पण येथे आम्ही ते देतो. दोघेही खरे होते. शत्रूचा शत्रू तो मित्र, हा न्याय दोघांचाही होता. पोलिश माणसाचा शत्रू बर्लिनमध्ये आणि मॉस्कोत होता, म्हणून लंडन त्याला आधार वाटे. आमचा शत्रू लंडनमध्ये होता, म्हणून आमच्यातील कित्येक तरुणांना १९४२-४३ या काळात बर्लिनहून येणारा नेताजींचा आवाज आशेचा वाटे. वॉर्सात त्याच बर्लिनने काय मांडले होते, हे आम्हांला नीट ठाऊक नव्हते. आणि बेचाळीसच्या हिंदुस्थानात इंग्रजांनी काय मांडले होते, ते पोलिश बायकांना कोणी समजावून सांगितले नसावे. दुःख माणसाला शहाणे करते असे म्हणतात. ते खरे असले तरी दुसऱ्याच्या दुःखाविषयी शहाणे करतेच असे नाही.

अपवाद होते, आणि ते महाराष्ट्राने विसरू नयेत. वॉर्सात १९०१ साली जन्मलेले मॉरिस फ्रिडमन हे विद्युत्-अभियंता युद्धापूर्वीच म्हैसूर संस्थानात नोकरीस आले आणि गांधीजींच्या सहवासाने भारतानंद झाले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये प्रजेला जे स्वराज्य दिले, त्या घटनेच्या घडणीत अप्पासाहेब पंत आणि गांधीजी यांच्याबरोबर या पोलिश माणसाचा हात होता. आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली कैदी-वसाहत, जिच्यावरून पुढे शांताराम बापूंना चित्रपट सुचला, तीही त्यांच्याच कल्पनेतली. उत्तरायुष्यात मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे त्यांनी इंग्रजीत आणून जगापुढे ठेविली आणि १९७६ साली मुंबईतच डोळे मिटले. त्यांच्या सहकारी वांदा दिनोव्स्का यांना गांधीजींनी उमादेवी हे नाव दिले. या दोघांनी १९४४ साली मद्रासेत पोलिश-भारतीय ग्रंथालय स्थापून हिंदुस्थानची ओळख पोलिश भाषेत करून देण्याचे काम आरंभिले. एक पोलिश माणूस इंग्रजांच्या छत्राखाली वळिवड्यात आसरा शोधतो आणि दुसरा इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या औंधात स्वराज्याची कलमे लिहितो. अंतर काही दिवसांच्या पायी वाटेचे. फ्रिडमन स्वेच्छेने आले होते आणि वळिवडेकर हाकलले जाऊन आले होते, हा भेद मोठा आहे. ज्याच्या मुलांचे जेवण एखाद्याच्या हाती असते, त्याला त्या हाताची परीक्षा करण्याचे स्वातंत्र्य नसते.

परीक्षा पुढे काळानेच केली. ऑगस्ट १९४१ मध्ये चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी अटलांटिक सनद प्रसिद्ध केली होती. प्रत्येक राष्ट्राला आपले शासन निवडण्याचा हक्क आहे आणि लोकांच्या इच्छेवाचून सरहद्दी बदलू नयेत, असे तीत म्हटले होते. ही सनद पोलिश माणसानेही वाचली आणि हिंदी माणसानेही. हिंदी माणसाला उत्तर लवकर मिळाले: ९ सप्टेंबर १९४१ रोजी चर्चिल यांनी पार्लमेंटात सांगून टाकले की सनदेचा रोख नाझींनी जिंकलेल्या युरोपाकडे आहे, हिंदुस्थानाकडे नाही. पोलिश माणसाला उत्तर मिळण्यास साडेतीन वर्षे लागली. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे पोलंडचा पूर्वभाग रशियाकडे राहावा असे तिन्ही बड्यांनी मान्य केले. वळिवड्यातील बहुसंख्य कुटुंबे त्याच पूर्वभागातली. आमच्यासाठी सनद लागू नव्हती म्हणून आम्ही वगळले गेलो. त्यांच्यासाठी ती लागू होती, तरीही ते वगळले गेले. दोहोंत अधिक कडू कोणते, ते वाचकांनीच ठरवावे.

आणि १९३९ चा तो तह? त्याला एक गुप्त पुरवणी जोडलेली होती, ती १९४५ साली जगापुढे आली. तीत 'युरोपीय सत्ता' या शब्दांचा अर्थ जर्मनी असा, आणि तेवढाच, दिला होता. म्हणजे पूर्वेकडून आलेल्या आक्रमणाविरुद्ध तलवार उपसण्यास इंग्रज कायद्याने बांधलेला नव्हताच. आमच्या दिवाणी न्यायालयात असा दस्तऐवज पुढे आला, तर न्यायाधीश शब्दांवर निकाल देतील आणि प्रतिवादी सुटेल. पण ज्याने मुख्य कागद पाहून आपले सर्वस्व पणाला लावले, त्या सामान्य पोलिश माणसाला ती पुरवणी कोणी दाखविली होती? निकाल कायदेशीर असणे आणि शब्द पाळला जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन आणि अमेरिका यांनी लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्सातील नव्या सरकारला ती दिली. एका दिवसात वळिवड्याच्या पाच हजार माणसांचे सरकार नाहीसे झाले. ज्या वकिलातीने त्यांची काळजी वाहिली तिचे अधिकार संपले, ज्याच्या नावे खर्च पडे त्याचे नाव वहीतून गेले. माणसे तीच, बराकी त्याच, शाळेची घंटा तीच. बदलला तो फक्त कागद. पुढे छावणी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-संस्थांच्या आधाराने चालू लागली आणि तिला एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: 'परत केव्हा जाणार?' कोठे परत? घर ज्या गावात होते ते गाव आता पोलंडात नव्हते. बालाचडीच्या मुलांविषयीही हाच आग्रह सुरू झाला, तेव्हा जामसाहेबांनी छावणीचे पाद्री फादर प्लुटा आणि ब्रिटिश संपर्क-अधिकारी क्लार्क यांच्या जोडीने त्या मुलांचे कायदेशीर पालकत्व पत्करून त्यांना दत्तक घेतले. ज्या कायद्याच्या भाषेला आम्ही वर नावे ठेविली, तिचा असाही उपयोग होऊ शकतो. आणि त्यात एक इंग्रज सामील होता, हेही नोंदवून ठेवावे.

इंग्रजांचा न्याय करावयाचा तर तो पुरा केला पाहिजे. ८ जून १९४६ च्या लंडनमधील विजय-संचलनात पोलिश सैन्य चालले नाही. निमंत्रण निघाले ते केवळ काही वैमानिकांना, आणि आपल्या बांधवांना सोडून येण्यास त्यांनी नकार दिला. ब्रिटनच्या कामगार संघटनांनी, विशेषतः खाणकामगारांनी, पोलिश लोकांना नोकऱ्या देण्यास विरोध केला. हे सर्व खरे. पण त्याच ब्रिटनच्या पार्लमेंटने मार्च १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसनाचा कायदा करून लाखाहून अधिक पोलिश सैनिक आणि त्यांची कुटुंबे यांना आपल्या भूमीवर कायमचे राहू दिले. ज्यांना राष्ट्र मिळवून देता आले नाही त्यांना निदान घर दिले. हे उशिरा सुचलेले प्रायश्चित्त म्हणावे की युद्धोत्तर कारखान्यांना हवे असलेले हात, याचा वाद इतिहासकारांनी घालावा. वळिवड्याच्या बायकांना आपल्या नवऱ्यांची भेट त्या कायद्यामुळे झाली, हे आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी वळिवड्यात अद्याप पोलिश माणसे होती. इंग्रजांचे निशाण उतरताना त्यांनी पाहिले तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल? आमच्या स्वातंत्र्याच्या सकाळी तेच एक शेजारी असे होते की ज्यांना जाण्यासाठी स्वतःचा देश उरला नव्हता. १९४८ च्या आरंभी शेवटची कुटुंबे बोटीवर चढली. कोणी इंग्लंडला, कोणी पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत, कोणी ऑस्ट्रेलियाकडे. आणि त्यांनी मोकळ्या केलेल्या जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. एक निर्वासित उठला आणि दुसरा बसला. आज तेथे सुरतेच्या साड्यांचे गठ्ठे सुटतात.

गेलेले लोक मात्र विसरले नाहीत. लंडनमध्ये त्यांनी 'हिंदुस्थानातील पोलिश लोकांचे मंडळ' काढले, वर्षानुवर्षे एकत्र जमत राहिले आणि आपल्या आठवणींचा भला मोठा ग्रंथ २००० साली पोलिशमध्ये आणि २००९ साली इंग्रजीत छापला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ १९९८ साली उभा राहिला. २०१७ साली वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचा स्मारकफलक लागला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये खुद्द वळिवड्यातही स्मृतिस्तंभ उभारला गेला. वॉर्सातील एका चौकाला तर 'भल्या महाराजांचा चौक' असे जामसाहेबांच्या आठवणीचे नाव आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या, अशा दोन्ही स्मारकांना वंदन केले. या सर्व कृतज्ञतेत एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी आली असेल. या स्मारकांवर जी नावे कोरली गेली ती शब्द देणाऱ्या साम्राज्याची नव्हेत. ज्यांनी कोणताही तह केला नव्हता, सनद काढली नव्हती, पण दार उघडले होते, त्यांची ती नावे आहेत.

हे सर्व डिंडोलीत बसून लिहिण्याचे आम्हांला एक कारण आहे. आमच्या कचेरीत रोज सकाळी जी माणसे येतात ती बहुधा तापी खोऱ्याच्या गाडीने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली. यंत्रमागावर किंवा रंगाईच्या कारखान्यात वीस-वीस वर्षे राबलेली, पण शिधापत्रिका गावची, नाव मतदारयादीत गावच्या, आणि येथे प्रतिज्ञापत्रावाचून त्यांचे पान हलत नाही. ते निर्वासित नव्हेत, आपल्याच देशात आहेत. त्यांच्या आणि पोलिश बायकांच्या दुःखाची तुलना करणे हा दोघांचाही अपमान होईल. तथापि 'तू कोणाचा?' या प्रश्नाला तोंडाने दिलेले उत्तर पुरत नाही, कागद लागतो, हा अनुभव दोघांचा सारखाच. आपल्या देशात निर्वासित कोणाला म्हणावे याची व्याख्या आजही कोणत्या कायद्यात नाही. वळिवड्यात पोलिश लोक राहत असतानाच, १९४६ साली केलेला परकीयांविषयीचा कायदा स्वतंत्र भारतात जवळजवळ ऐंशी वर्षे चालला. २०२५ साली त्याच्या जागी नवा आला, पण ती व्याख्या त्यातही आली नाही. म्हणजे दारी आलेल्या परागंदा माणसाचे काय करावे, हे आजही पुष्कळसे यजमानाच्या मनावर आहे.

मन मोठे असले तर ते पुरते, हे वळिवड्याने दाखविले. परंतु मन पुरले नाही तर काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्यासाठी कायदा हवा असे आम्हां कायद्याच्या माणसांचे मत आहे. 'पाहुणा घरात, तर देव घरात' अशी म्हण पोलिश भाषेत आहे. आमच्या 'अतिथी देवो भव'ची ती सख्खी बहीण. नाताळच्या आदल्या रात्री पोलिश कुटुंबे जेवावयास बसतात तेव्हा ताटांच्या पंगतीत एक ताट रिकामे मांडतात, न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी. पंचगंगेच्या काठी, तट्ट्याच्या भिंतींच्या खोलीत, स्वतःच पाहुणे असलेल्या त्या माणसांनी दर नाताळी ते ताट मांडले असेल. न सांगता येणाऱ्यासाठी ताट मांडून ठेवणे यालाच आम्ही कायदा म्हणतो. पाहुणा येण्यापूर्वी ते मांडलेले असावे, एवढेच आमचे मागणे आहे.